कंपूंची कवाईत आणि मावळांतील पायदळ

मराठी राज्य कां बुडालें, हा प्रश्न आपल्याकडे इतक्या वेळां विचारला गेला आहे कीं, त्याचीं उत्तरेंहि आतां ठराविक होऊन बसलीं आहेत. आपसांतील फूट हें एक उत्तर. आणि गनिमी कावा सोडून आपण साहेबी कवाइतीच्या नादीं लागलों, हें दुसरें. पहिल्याविषयीं येथें वाद घालावयाचा नाहीं. दुसरें मात्र तपासून पाहण्याजोगें आहे. तें खरें मानलें, तर महादजी शिंद्यांसारख्या दूरदृष्टीच्या पुरुषानें आपल्याच हातानें राज्याच्या मुळावर घाव घातला असें म्हणावें लागेल. आणि परक्यांपासून नवी विद्या घेणें हेंच मुळीं घातक, असा धडा त्यांतून निघेल. हा धडा गांठीं बांधण्यापूर्वी ती विद्या काय होती, आपण ती किती घेतली आणि तिचा कोणता भाग घेतलाच नाहीं, याचा हिशेब करणें अवश्य आहे.

हा हिशेब पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांच्या डोंगराळ मुलखापासून आरंभणें सोयीचें होईल. कुकडी, मीना आणि घोड या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून येथून पूर्वेस वाहात जातात, आणि त्यांच्या खोऱ्यांना मीननेर, घोडनेर अशीं जुनीं नांवें आहेत. आंबेगांव तालुक्याचें मुख्य ठिकाण घोडेगांव हें घोड नदीच्याच काठीं आहे. पुण्याखालीं बारा मावळें आणि जुन्नराखालीं बारा मावळें, अशी जी जुनी मोजणी आहे तींत हीं खोरीं येतात. त्यांच्या डोक्यावर नाणेघाटाची वाट राखणारे जीवधन, चावंड व हडसर हे किल्ले उभे आहेत, आणि जुन्नर शहरालगत शिवनेरी. शिवनेरीवर १६३० सालीं शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्यांच्या हयातींत तो गड स्वराज्यांत आला नाहीं, ही गोष्ट निराळी.

अशाच मावळांतून निघालेल्या माणसांवर महाराजांचें पायदळ उभें राहिलें. त्याची रचना सभासदानें आपल्या बखरींत सांगितली आहे. थोड्या पाईकांवर एक नाईक, नायकांवर हवालदार, हवालदारांवर जुमलेदार आणि जुमलेदारांवर हजारी, अशी ती चढती उतरंड होती. पगार सरकारी खजिन्यांतून मिळे. गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस या तिघांचा अधिकार असा वांटलेला असे कीं, एकाच्या फितुरीनें गड जाऊं नये. या फौजेला बंदुकीची कवाईत ठाऊक नव्हती. तथापि तिच्यांत एक गुण असा होता कीं, त्याची किंमत पुढें दीडशें वर्षांनीं युरोपलाहि मोठ्या कष्टानें कळली. शिपाई, त्याचा नाईक आणि ज्या राज्याकरितां दोघे लढत तें राज्य, यांच्यामध्यें परकेपणाची भिंत नव्हती. नाईक शेजारच्या गांवचा असे, आणि कर्तबगारीनें तो हवालदारीस चढूं शके.

आतां युरोपकडे वळूं. अठराव्या शतकांतील तेथील फौज आजच्या अर्थानें राष्ट्राची फौज नव्हती. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचें सैन्य कवाइतींत सर्वांत श्रेष्ठ मानलें जाई. पण त्यांतील शिपायांचा मोठा भाग परमुलखांतून पैसे देऊन किंवा फसवून आणलेला असे. अधिकारी बहुतेक जमीनदार सरदारवर्गांतले. शिपाई पळून जातील या धास्तीनें रात्रीचें कूच आणि दाट रानाजवळचा तळ सेनापति टाळीत असत. कवाईत येथें एका अर्थानें बेडीचेंच काम करी.

फ्रेंच राज्यक्रांतीनें हें चित्र पालटलें. १७९३ च्या ऑगस्टांत फ्रान्सनें सर्व राष्ट्राला शस्त्र धरण्याची हांक दिली, आणि १७९८ सालीं तरुणांच्या सक्तीच्या भरतीचा कायदा केला. राजाच्या जुन्या पलटणी आणि नवे स्वयंसेवक एकत्र मिसळण्यांत आले. अधिकाराची जागा जन्मावर न मिळतां रणांगणावर मिळूं लागली. पिपें करणाऱ्या कारागिराचा मुलगा ने आणि खाणावळवाल्याचा मुलगा म्यूरा हे दोघे पुढें नेपोलियनचे मार्शल झाले. १८०५ सालीं नेपोलियननें जी मोठी फौज ऱ्हाईन नदीपार नेली, तिचे सात विभाग होते. प्रत्येकांत पायदळ, घोडदळ व तोफखाना असून तो कांहीं काळ एकटा लढूं शके, आणि सर्वांस हुकूम पोंचविण्याचें काम बर्थिये याच्या हाताखालील कचेरी करी. मुलखावरच गुजराण करणें, निरनिराळ्या वाटांनीं झपाट्यानें चालून जाऊन शत्रूला अचानक गांठणें, ही नेपोलियनची रीत मराठी वाचकास परकी वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं, आपल्याकडे ही चपळाई एखाद्या बाजीरावाच्या अंगीं असे आणि त्याच्याबरोबर जाई. फ्रान्सनें ती कचेरी, कायदा व अधिकारीवर्ग यांच्या द्वारें फौजेच्या अंगीं बाणविण्याचा यत्न केला.

या नव्या फौजेपुढें जुनी कवाईत किती टिकली, याचा निकाल १४ ऑक्टोबर १८०६ रोजीं येना येथें लागला. प्रशियाचें सैन्य एका दिवसांत मोडलें, आणि तेरा दिवसांनीं नेपोलियन बर्लिन शहरांत शिरला. परंतु प्रशियाच्या लोकांनीं यापुढें जें केलें, तें आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. कवाइतीनें आपला घात केला, असें म्हणून त्यांनीं ती टाकून दिली नाहीं. शार्नहॉर्स्ट व त्याचे सहकारी यांनीं परमुलखांतील भरती बंद केली, १८०८ सालीं अधिकाराच्या जागा सामान्य कुळांतील लायक माणसांस खुल्या केल्या, आणि १८१० सालीं बर्लिनमध्यें अधिकाऱ्यांसाठीं युद्धविद्येची शाळा काढली. त्याच सुमारास कुळांची भूदासपणांतून सुटका करणारे कायदेहि झाले. कारण ज्याला राज्यांत कांहीं वांटा नाहीं तो राज्यासाठीं मरेल कसा, हा प्रश्न त्यांना पडला होता. सात वर्षांनीं, १८१३ सालीं, याच प्रशियानें नेपोलियनला आपल्या भूमीवरून हांकलण्यांत मोठा भाग घेतला.

हीं दोन चित्रें डोळ्यांपुढें ठेवून महादजी शिंद्यांच्या कंपूंकडे पाहिलें पाहिजे. सव्हॉय प्रांतांतील शांबेरीचा डी बॉइन हा फ्रान्स व रशिया यांच्या नोकऱ्या करून हिंदुस्थानांत आलेला होता. १७८४ सालीं महादजीनें त्याला सुमारें साडेआठशें शिपायांची एक, अशा दोन पलटणी उभारण्यास सांगितलें. त्यांचें काम पाहून १७९० सालीं दहा पलटणींचा संपूर्ण कंपू उभारण्यांत आला, आणि पुढें कंपूंची संख्या तीनवर गेली. पहिल्या कंपूंत सात पलटणी तेलंगी शिपायांच्या व तीन नजिबांच्या होत्या. सोबत स्वतःच्या तोफा आणि थोडें घोडदळ असे. आग्र्याला सँगस्टर नांवाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा ओतल्या जात. खर्चासाठीं गंगायमुनांच्या अंतर्वेदींतील मुलूख तोडून दिलेला असल्यामुळें शिपायाला पगार वेळेवर मिळे. ज्या काळीं थकलेल्या पगारासाठीं सरदारांच्या दारीं धरणें धरून बसणें हा फौजेचा नित्याचा उद्योग होता, त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती.

फळहि तत्काळ दिसलें. १७९० च्या एकाच वर्षांत पाटण आणि मेडता येथें या कंपूंनीं राजपुतांच्या नांवाजलेल्या घोडदळास मोडलें. राठोडांच्या बेभान हल्ल्यापुढें चौकोन बांधून उभें राहणें हें धैर्य व शिस्त यांचें काम होतें, आणि तें हिंदी शिपायांनीं केलें. महादजीनें युरोपचें पायदळ पारखून घेतलें, यांत त्याची चूक दाखवितां येणार नाहीं. दिल्लीच्या बादशहाचा कारभार हातीं घेऊन बसलेल्या माणसाला केवळ लुटून परतणारी फौज पुरण्यासारखी नव्हती. त्याला मुलूख धरून ठेवणारी व किल्ले फोडणारी फौज हवी होती.

मग उणें कोठें होतें? बंदुकी, तोफा व कवाईत इतकें महादजीनें घेतलें. अधिकारी तयार करणें मात्र राहून गेलें. शिपाई बहुतेक अयोध्या, रोहिलखंड व अंतर्वेद या बाजूचे. वरचे अधिकारी फ्रेंच, इटालियन, इंग्रज, जर्मन. जुन्नर-आंबेगांवच्या मावळांतील नायकाचा मुलगा या कंपूंत शिपाई होऊन पलटणीचा मुख्य व्हावा, अशी वाट तेथें नव्हती. युद्धविद्येची शाळा नव्हती, आणि सेनापतीच्या हाताखालीं हुकूम, नकाशे व रसद सांभाळणारी मराठी कचेरीहि नव्हती. डी बॉइन स्वतः इमानी निघाला. पण महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडीस वारला, आणि दुसऱ्याच वर्षाच्या अखेरीस डी बॉइननें नोकरी सोडली. आपली दौलत घेऊन तो स्वदेशीं गेला आणि १८३० सालीं शांबेरीस मरण पावला. त्याच्या जागीं पेरॉन आला. तोहि पुढें दौलत घेऊन फ्रान्सला परतला. ज्यांचें घर, थडगें आणि पेन्शन समुद्रापलीकडे, त्यांच्या हातीं आपण राज्याची तलवार दिली होती.

या तलवारीचा प्रताप खुद्द पुण्याला लवकरच दिसला, आणि तेथें पुन्हां जुन्नरचें नांव येतें. सवाई माधवरावांच्या कारकीर्दीच्या अखेरीस राघोबादादांचे मुलगे शिवनेरीवर नजरकैदेंत होते. २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव वारले. वारसाचा प्रश्न निघाला, आणि परशुरामभाऊ पटवर्धन जुन्नरास जाऊन बाजीरावांस घेऊन आले. गादीवर कोण बसावें याचा निर्णय आतां पुण्याभोंवतीं तळ देऊन बसलेल्या दौलतराव शिंद्यांच्या कंपूंवर ठरूं लागला. १७९६ च्या डिसेंबरांत बाजीराव पेशवे झाले. १७९७ सालच्या शेवटच्या दिवशीं नाना फडणीस शिंद्यांच्या भेटीस गेले असतां त्यांना कैद करण्यांत आलें. त्यांच्या सुरक्षिततेची हमी देणारा व त्यांना पकडणारा अधिकारी एकच, नेपल्सकडील फिलोझ हा होता. पुढें २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, ऐन दिवाळींत, हडपसरच्या माळावर शिंदे व होळकर यांची लढाई झाली. दोन्हीं बाजूंस कवाइती पलटणी, आणि दोन्हीं बाजूंस त्यांचे मुख्य इंग्रज : शिंद्यांकडे डॉज, होळकरांकडे विकर्स व हार्डिंग. होळकरांनीं जय मिळविला, बाजीराव वसईस पळाले, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशीं त्यांनीं इंग्रजांशीं तह केला.

१८०३ सालच्या युद्धांत या व्यवस्थेची परीक्षा झाली. गव्हर्नर-जनरल वेलस्लीनें शिंद्यांच्या नोकरींतील इंग्रज अधिकाऱ्यांस नोकरी सोडल्यास निर्वाहाचें आश्वासन देणारा जाहीरनामा काढला, आणि अनेकांनीं तो मानला. सप्टेंबरच्या आरंभींच पेरॉन इंग्रजांच्या आश्रयास गेला. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला. हल्ला करणाऱ्यांस वाट दाखविणारा ल्यूकन हा पूर्वी शिंद्यांच्याच नोकरींत होता. होळकरांनीं याच्या उलट मार्ग धरला, तोहि तितकाच दारुण होता : १८०४ सालीं फितुरीच्या संशयावरून यशवंतरावांनीं विकर्ससह तिघां इंग्रज अधिकाऱ्यांचीं डोकीं मारविलीं. दोन वर्षांपूर्वी हडपसरचा जय मिळवून देणारा विकर्स तो हाच.

आणि शिपाई? २३ सप्टेंबर १८०३ रोजीं भोकरदनजवळ असईच्या रणांत वेलस्लीनें नदी उतरून बाजूनें हल्ला चढविला, तेव्हां पोलमन या हॅनोव्हरच्या सेनापतीखालील पलटणींनीं शत्रूच्या डोळ्यांदेखत आपली सर्व आघाडी फिरवून नव्या दिशेस तोंड केलें. हें करणें कोणत्याहि युरोपीय फौजेस अभिमानास्पद झालें असतें. गोलंदाज तोफांजवळच कापले गेले. कांहीं मेल्यासारखे पडून राहिले, आणि इंग्रजी रांग पुढें जातांच उठून त्यांनीं मागून पुन्हां तोफा डागल्या. सरदार रण सोडून गेले होते. इंग्रजांचे ठार व जखमी मिळून दीड हजारांवर माणूस पडलें. वेलस्ली, म्हणजे पुढें वॉटर्लूचा विजेता ठरलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याला उतारवयांत आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असें विचारलें असतां त्यानें असईचें नांव घेतलें.

१ नोव्हेंबरला लासवारीस तर याहून विलक्षण प्रकार झाला. तेथें लढलेल्या पलटणींवर युरोपियन अधिकारी जवळजवळ उरले नव्हते. तरी त्या अखेरपर्यंत लढल्या. जय मिळविणाऱ्या जनरल लेकनें त्यांची मनापासून स्तुति केली, आणि यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकाल संशयास्पद झाला असता, अशा अर्थाचें लिहिलें. हें वाक्य आपल्याकडील टीकाकारांनीं नीट वाचावें. शिपायांत उणें नव्हतें, तोफांत उणें नव्हतें. पलटणी एकत्र चालविणारी शिकलेली माणसें नव्हतीं. तीं एकोणीस वर्षांत तयार करतां आलीं असतीं. प्रशियाला त्यासाठीं सात वर्षें पुरलीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. कंपनी सरकारची फौजहि भाडोत्री हिंदी शिपायांची होती, आणि तिच्यावरचे अधिकारीहि परकेच होते; मग ती कां मोडली नाहीं? याचें उत्तर असें कीं, तो अधिकारी शिपायाला परका असला, तरी ज्या सत्तेसाठीं तो लढे त्या सत्तेला परका नव्हता. त्याची बढती, त्याचें पेन्शन, त्याची अब्रू कंपनीच्या दप्तरांत नोंदलेली असे. एक सेनापति गेला तर दुसरा त्याच नियमांनीं त्याच्या जागीं येई. आपल्याकडे डी बॉइन गेला म्हणजे डी बॉइनचा कंपू गेला.

दुसरा आक्षेप गनिमी काव्याच्या अभिमान्यांचा. घोडदळाच्या जुन्या रीतीनें लढलों असतों, तर इंग्रज दमले असते, असें ते म्हणतात. यशवंतरावांनीं १८०४ सालीं कर्नल मॉन्सनची दाणादाण उडविली, हा त्यांचा दाखला खरा आहे. पण शत्रूला दमविणें आणि त्याच्यापासून मुलूख राखणें हीं दोन निराळीं कामें आहेत. ज्या राज्याला शेतसारा वसूल करावयाचा आहे, बाजारपेठा संभाळावयाच्या आहेत, त्याला नेहमींच पळत लढतां येत नाहीं. महाराजांच्या काव्यामागेंहि शिबंदीनें राखलेले किल्ले आणि वेळेवर पगार पावणारें पायदळ होतें, हें हे अभिमानी विसरतात.

शेवटचा अंक पुण्याच्याच परिसरांत घडला. दुसऱ्या बाजीरावांनींहि कवाइती पलटण ठेविली होती. ती इंग्रज कॅप्टन फोर्डच्या हाताखालीं दापोडीस असे, आणि तिचा पगार पेशव्यांच्या खजिन्यांतून निघे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई जुंपली, तेव्हां ही पलटण दापोडीहून निघून इंग्रजांस मिळाली आणि आपल्या धन्यावरच तिनें बंदुका झाडल्या. पेशव्यांकडून पिंटो या पोर्तुगीज अधिकाऱ्याची पलटण शर्थीनें चालून गेली. पण तिला वेळेवर साथ मिळाली नाहीं. पुढील वर्षीं मेजर एल्ड्रिजची टोळी जुन्नर प्रांतांत आली. शिवनेरी, हडसर, चावंड हे गड एकामागून एक गेले, आणि ३ मे १८१८ रोजीं उखळी तोफांच्या थोड्याशा माऱ्यानंतर नाणेघाटावरील जीवधनाचा दरवाजा उघडला. ज्या शिबंदीस लढवीत राहील असा धनी उरला नव्हता, तिच्याकडून याहून अधिक अपेक्षा करणें अन्यायाचें होईल.

या डोंगरांतील माणसांस कवाईत मानवणारी नव्हती, असेंहि म्हणतां येणार नाहीं. १८५७ सालीं नट्टल नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें सह्याद्रीच्या याच पट्ट्यांतील कोळ्यांची पलटण उभारली. पिढ्यान् पिढ्या घाट राखणाऱ्या या लोकांनीं कवाईत झपाट्यानें आत्मसात केली. काम संपल्यावर, १८६१ सालीं, ती पलटण मोडण्यांत आली. म्हणजे माणसें होतीं आणि विद्याहि होती. पण दोहोंची गांठ घातली ती परक्यानें, आणि आपल्या सोयीपुरती.

म्हणून महादजीस दोष द्यावयाचा, तो त्यानें नवी विद्या घेतली म्हणून देऊं नये. ती अर्धी घेतली, आणि उरलेली अर्धी घेण्यास त्याच्या मागून कोणी उरलें नाहीं, हें खरें दुःख आहे. यंत्र विकत मिळतें, तें चालविणारा कांहीं काळ भाड्यानेंहि मिळतो. पण तो भाड्याचा आहे तोंवरच आपल्या मुलांना त्याच्या हाताखालीं शिकवून तयार केलें पाहिजे. महाराजांनीं मावळांतील पाइकाला नाईक, आणि नायकाला हवालदार होण्याची वाट मोकळी ठेविली होती. शिंद्यांच्या कंपूंत ती वाट बंद राहिली, आणि असई-लासवारीच्या शूर शिपायांस त्या उणिवेची किंमत आपल्या प्राणांनीं मोजावी लागली.